३४ गड्डे, ३४ लेबलं आणि एक बादली

अबोली_पान
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतेय.

माझ्या बागेत डे लिलीचे ३४ गड्डे आहेत. सहा वर्षांत एकेक करून जमवलेले, प्रत्येक वेगळ्या वाणाचा. प्रत्येकाशेजारी काठी आणि काठीला नावाचं लेबल. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं चार दिवस घरी नव्हतो, तेव्हा धाकटा भाऊ राहायला आला होता. मला आनंद व्हावा म्हणून त्याने दोन दिवस खपून सगळं तण काढलं. वाफे इतके लख्ख मी स्वतः कधी ठेवले नव्हते. तणाबरोबर काठ्या निघाल्या, काठ्यांबरोबर लेबलं. ती त्याने फेकली नाहीत, धुऊन पुसून एका बादलीत ठेवली. मी आले तेव्हा कौतुकाने बादली दाखवली.

त्याचा चेहरा पाहून मला रागावता आलं नाही. पण आता ३४ नावं बादलीत आहेत आणि ३४ झाडं जमिनीत, मधला धागा तुटलाय. वहीत नावं आणि कधी आणलं एवढंच आहे, जागा लिहिलेली नाही. सध्या बहुतेकांवर पानंच आहेत, चार-पाच जणांचे फुलदांडे वर यायला लागलेत.

फुलं आल्यावर नावं परत जुळवता येतील का? आणि जी जुळणार नाहीत त्यांचं काय करायचं? मी दरवर्षी फुटवे वाटते. नाव नक्की नसलेलं झाड कुणाला द्यावं का? मन फार खट्टू झालंय, खरं सांगते.

रानवारा
भावाला माझ्याकडे पाठवून द्या, तण भरपूर आहे. लेबलं तेवढी मी आधी उचलून घरात ठेवीन.

निरभ्र
मी नवखा आहे, म्हणून एक मूलभूत प्रश्न. डे लिली म्हणजे आपली कंदाची लिली ना? मग कंद पाहून नाही का कळणार?

वाफा
@निरभ्र, नाही. नाव सारखं असलं तरी घराणं वेगळं. खरी लिली, म्हणजे लिलियम, खवल्यांच्या कंदातून येते आणि एकाच खोडावर खालपासून वरपर्यंत पानं असतात. डे लिलीला कंद नसतो. जाडसर मांसल मुळं, त्यांवर एक आखूड मुकुट, आणि त्यातून पंख्यासारखी दोन बाजूंना पसरणारी लांब पानं. त्या एका संचाला फॅन म्हणतात. फुलदांडा पानांमधून वेगळा वर येतो आणि त्यावर पानं जवळपास नसतातच. पूर्वी तिला लिलीच्याच कुळात धरायचे, आता अ‍ॅस्फोडेलेसी कुळात ठेवतात. लिनीअसने १७५३ मध्ये नाव दिलं हेमेरोकॅलिस. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलॉस म्हणजे सौंदर्य. एक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी शेजारची कळी.

आता @अबोली_पान, तुमच्या प्रश्नाकडे येतो. धीर सोडू नका. लोक एखादं बेनाव झाड घेऊन येतात आणि विचारतात हे कोणतं, तेव्हा उत्तर देणं जवळपास अशक्य असतं, कारण नोंदलेले वाण ८० हजारांहून जास्त आहेत. नुसत्या पिवळ्यांत हजारो. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला ८० हजारांत शोधायचं नाही, ३४ मध्ये शोधायचंय. बादलीतलं प्रत्येक नाव बागेत कुठे ना कुठे आहेच. एक जुळलं की उरलेल्यांचं काम तेवढंच सोपं होतं.

अमेरिकन हेमेरोकॅलिस सोसायटी १९४६ साली सुरू झाली. जगभरातल्या डे लिलीच्या वाणांची नोंद तीच ठेवते आणि ती सर्वांना पाहता येते. प्रत्येक नोंदीत फुलदांड्याची उंची, फुलाचा व्यास, बहराचा काळ, पानांची सवय (थंडीत टिकतात की सुकतात), गुणसूत्रांचा प्रकार आणि रंगाचं वर्णन असतं. आज बसून ३४ नावांसाठी हे सगळं एका तक्त्यात उतरवा. मग प्रत्येक गड्ड्याला क्रमांक द्या आणि फूल आलं की मोजा. मोजपट्टी हातात घेऊनच बागेत जायचं, अंदाजाने लिहायचं नाही.

पेन्सिल
आधी एक काम करा. फोनमधले मागच्या सहा वर्षांचे फोटो काढा. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात लेबल दिसत असेल, मागे भिंत, नळ, कुंपणाचा खांब काहीतरी असेल. मोजपट्टीच्या आधी हे.

शेवंता
+१ पेन्सिल. माझ्या बहिणीचे दोन वाण असेच सापडले होते, मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या फोटोत.

अबोली_पान
पेन्सिलदादा, तुमच्या पाया पडते! दोन रात्री बसून हजारेक फोटो चाळले. नऊ गड्डे नक्की झाले. सातांमध्ये लेबलच वाचता येतंय, दोन मागच्या दगडावरून ओळखले. भावानेही बसून मदत केली. तो माझ्याहून जास्त हळहळतोय.

वाफादादा, तक्ता केला. पण एक शंका. 'स्टेला डी ओरो' आणि 'हॅपी रिटर्न्स' दोन्ही छोटी पिवळी, दोन्ही पुन्हा पुन्हा फुलणारी. यांत फरक कसा करू?

वाफा
ही जोडी सोपी आहे. 'स्टेला' याब्लोन्स्की यांची, १९७५ ची नोंद, उंची ११ इंच, फूल पावणेतीन इंचाचं, रंग सोन्याचा, जरासा केशरीकडे झुकणारा. 'हॅपी रिटर्न्स' डॅरेल अ‍ॅप्स यांनी १९८६ मध्ये नोंदवली, ती 'स्टेला'चीच लेक आहे, दुसऱ्या बाजूला 'सुझी वाँग'. उंची १८ इंच, रंग फिकट लिंबाचा. दोन फुलं तोडून पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, एका नजरेत कळेल. रंग नेहमी जोडीनेच पाहायचा, एकटा रंग फसवतो.

आणि कोणत्या वेळी पाहता त्यालाही महत्त्व आहे. रात्र गार गेली तर गुलाबी आणि जांभळी फुलं सकाळी मळकट उघडतात. तळपत्या उन्हात लाल फुलं दुपारी वितळल्यासारखी होतात. रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाहा आणि एकाच फुलावर निर्णय देऊ नका, तीन दिवसांची तीन फुलं पाहा. हलवून लावलेल्या झाडाचा पहिला बहर तर मुळीच धरू नका. उंची कमी येते, फूल लहान येतं. दुहेरी पाकळ्यांचे वाण गारव्यात एकेरी फुलतात.

शेवंता
मला अबोलीच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, कारण तो कुणी उचललाच नाही. नाव गेलं म्हणून झाडाची किंमत कमी होत नाही. माझ्याकडे एक टरबुजी रंगाची डे लिली आहे, २० वर्षं जुनी, नाव कधीच माहीत नव्हतं. दरवर्षी एकेका दांड्यावर २०-२२ कळ्या येतात. दहा दांडे आले की २०० फुलं होतात, महिनाभर रोज सकाळी नवी. मी ती मागेल त्याला देते. फूल हवं असणाऱ्याला नावाचं काय?

वाफा
शेवंताताई, इथे मी ठामपणे वेगळं म्हणेन. संग्रह करणाऱ्याने बेनाव झाड वाटू नये. डे लिलीचं नाव रंगाला दिलेलं नसतं, एका झाडाला दिलेलं असतं. 'हॅपी रिटर्न्स' म्हणजे त्या एका रोपाच्या मुळांचे भाग करत करत जगभर पोहोचलेलं तेच एक झाड. तिचं बी लावलंत तर उगवेल ते 'हॅपी रिटर्न्स' नसेल, आईसारखं दिसलं तरी नसेल. तुम्ही बेनाव देता, घेणारा घरी जाऊन फोटो जुळवतो आणि 'असंच दिसतंय' म्हणून एखादं नाव चिकटवतो. पुढे तो ते नाव लावून देतो. तीन हातांनंतर खोटं नाव पक्कं झालेलं असतं. मी स्वतः एकाच नावाची तीन वेगळी झाडं तीन ठिकाणांहून आणली आहेत.

शेवंता
मी कधीच नाव चिकटवून दिलेलं नाही. 'नाव माहीत नाही' असं चिठ्ठीवर लिहूनच देते. नाव नाही म्हणून एवढं निरोगी झाड माझ्याच बागेत अडकवून ठेवायचं, हे मला पटत नाही.

दहाबोटं
दोघांचंही म्हणणं चिठ्ठीपाशी येऊन थांबतंय. 'नाव अज्ञात' हीसुद्धा नोंदच आहे की. मी अशा झाडांना माझा क्रमांक आणि मिळाल्याचं वर्ष देतो. खरं नाव सापडलं तर शेजारी लिहितो, क्रमांक पुसत नाही.

वाफा
दहाबोटं, हे मान्य. चिठ्ठी झाडाबरोबर राहत असेल तर माझी हरकत नाही. मला भीती आहे ती अंदाजाने लिहिलेल्या नावांची.

मांजरवेडी
धाग्याच्या विषयाला सोडून आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाकडे मांजर असेल तर डे लिली आणि खरी लिली दोन्ही मांजरांसाठी जीवघेण्या आहेत. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही. अंगावर पडलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उलट्या सुरू व्हायची वाट पाहू नका, खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी तासाभरात पशुवैद्याकडे धावा. पहिल्या काही तासांत उपचार मिळाला तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. मी माझं एक मांजर असं घालवलंय. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी दिसेल तिथे सांगते. फुटवे वाटताना चिठ्ठीवर नावाखाली हेही लिहा, कृपा करून.

अबोली_पान
मांजरवेडी, वाचून पोटात कालवलं. माझ्याकडे मांजर नाही, पण ज्यांना फुटवे दिले त्यांपैकी दोघींकडे आहे. आत्ताच फोन केला दोघींना. एक म्हणाली, झाड उद्याच परत आणून देते. दुसरीचं कुंपणाबाहेर आहे, तीही काढतेय.

रानवारा
हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

बी_आणि_बहर
उशिरा आलो. माझा नाद संग्रहापेक्षा संकराचा आहे, तर थोडं त्या बाजूने.

निरभ्र यांनी कंदाचं विचारलं, त्यावरून आठवलं. रस्त्याकडेला, जुन्या बागांत सगळीकडे दिसणारी ती केशरी-तांबूस डे लिली, फुल्वा 'युरोपा', ती जमिनीखालून धावत पसरते पण बी धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, ३३ गुणसूत्रं. साध्या डे लिलीत दोन संच, २२. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो स्टाउट या शास्त्रज्ञाने डे लिलीवर कित्येक दशकं काम केलं. ही 'युरोपा' बी का धरत नाही हा त्याला पडलेल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक. पूर्वेकडच्या देशांतून रानटी जाती मागवून त्याने त्यांचे संकर केले, आणि १९३४ मध्ये त्याचा 'थेरॉन' हा गडद लाल वाण आला. तोवर डे लिली म्हणजे पिवळी नाहीतर केशरी. आज बागेत लाल, जांभळी, गुलाबी जे काही दिसतं त्याची वाट तिथून सुरू होते. या क्षेत्रातलं सर्वोच्च पदक त्याच्याच नावाने देतात. अजूनही निळी नाही आणि दुधासारखी पांढरीही नाही. 'पांढऱ्या' म्हणून नोंदलेल्या सगळ्या जवळपास पांढऱ्या.

नंतर कोल्चिसिन हे रसायन वापरून गुणसूत्रं दुप्पट करायला लोक शिकले आणि ४४ गुणसूत्रांची टेट्राप्लॉइड झाडं आली. पाकळी जाड, कडेला झालर, रंग खोल. दोन आणि चार संचांचा आपसात संकर सहसा जुळत नाही. कुणी मला म्हणतं, 'महिनाभर परागकण लावतोय, एकही बोंड धरलं नाही', की मी आधी दोघांची नोंद पाहायला सांगतो.

करणं अगदी सोपं आहे. सकाळी परागकोश उमलून पिवळी भुकटी मोकळी झाली की एक पुंकेसर चिमट्याने काढायचा आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर टेकवायचा. दांड्याला दोऱ्याने बाप-आईचं नाव बांधायचं. कडक उन्हाळ्यात बोंड धरत नाही, गारव्याचे दिवस निवडा. दीडेक महिन्याने बोंड तपकिरी होऊन तडकतं, आत काळं चकचकीत बी. ते ओलसर भुशात चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून पेरलं की एकसारखं उगवतं. फुलायला थंड प्रदेशात दोन-तीन वर्षं, उबदार हवेत कधी वर्षभरातच.

निरभ्र
बी_आणि_बहर, वाचनखूण साठवली. तुमच्या आत्तापर्यंतच्या रोपांतली किती ठेवली?

बी_आणि_बहर
शंभरात दोन-तीन. रंग आवडला म्हणून ठेवत नाही. फांद्या किती, कळ्या किती, पावसात फूल उघडतं का, सुकलेलं फूल गळून पडतं की लोंबतं, हे तीन वर्षं पाहतो. बाकीची रोपं काढून टाकताना दरवेळी जीवावर येतं.

उत्तररात्र
सगळे सकाळबद्दल बोलताहेत, म्हणून सांगते. माझ्याकडे सिट्रिना जातीची आहे. ती संध्याकाळी उघडते, रात्रभर फिकट पिवळी आणि सुवासिक असते, दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. कामावरून उशिरा घरी येणाऱ्यांनी ही जरूर लावावी. मला तिच्यामुळेच डे लिली कळली.

गच्ची
माझ्याकडे जमीन नाही, कुंड्याच आहेत. १४ इंची कुंडीत बुटके वाण छान येतात. सहा तास ऊन हवंच, आणि दांडे वर येताना पाणी चुकवायचं नाही, नाहीतर कळ्या गळतात. एक अडचण विचारते. पानांच्या मागे नारिंगी भुकटी धरलीय, बोटाला लागते. हळदीचा हात लागावा तशी. हे काय?

वाफा
तांबेरा. पुक्सिनिया हेमेरोकॅलिडिस. अमेरिकेत हा २००० साली पहिल्यांदा दिसला आणि विकायच्या रोपांवरून झपाट्याने पसरला. झाड सहसा मरत नाही, पण रया जाते. बाधित पानं जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापा, पिशवीत बांधून टाका, खताच्या ढिगात नको. कात्री आणि हात धुवा. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको, कुंड्यांमध्ये वारा खेळू द्या. थंडीत ज्यांची पानं पूर्ण मरतात त्यांच्यावरून तो कडक हिवाळ्यात निघून जातो. जिथे पानं वर्षभर हिरवी राहतात तिथे टिकून राहतो. नवीन झाड आणलं की पानं छाटून महिनाभर बाजूला ठेवायची सवय लावून घ्या.

गच्ची
आभार. पाच कुंड्या कापल्या. बाजूच्या दोन सुद्धा.

पेन्सिल
लेबलांबद्दल, अबोलीताईंनी पुढची काळजी काय घ्यावी म्हणून.

मार्करवर 'कायम' लिहिलेलं असतं, पण उन्हात दोन वर्षांत अक्षरं उडतात. साधी शिसपेन्सिल प्लास्टिकच्या पट्टीवर त्याहून जास्त टिकते. सगळ्यांत उत्तम पातळ अ‍ॅल्युमिनियमची किंवा जस्ताची पट्टी. तिच्यावर बॉलपेन दाबून लिहायचं. शाई गेली तरी खोबण राहते, बोटाने चाचपून वाचता येतं. प्रत्येक गड्ड्याला दोन लेबलं. एक काठीवर, दुसरं झाडाच्या उत्तरेला चार इंच खाली पुरलेलं. दिशा एकच ठेवायची म्हणजे शोधाशोध होत नाही. तिसरी गोष्ट नकाशा, कागदावर, ओळ आणि क्रमांक. भावाने वरचं नेलं तरी खालचं राहील.

गड्डा फोडायच्या वेळी घोळ सर्वांत जास्त होतो, कारण तेव्हा झाडं जमिनीबाहेर एका जागी पडलेली असतात. त्या वेळी मार्कर कामाचा. पानावरच नाव लिहा. रुंद पान, पुसून कोरडं, आणि त्यावर ठळक अक्षरात. प्रत्येक फॅनवर. जुने संग्राहक असंच करतात.

दहाबोटं
पानावर लिहायचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. गड्डे फोडण्याचं एक माझ्याकडून: बहर संपला की तीन-चार वर्षांचा गड्डा उचलायचा, पाण्याच्या धारेने माती पूर्ण धुवायची, मग मुळं हाताने सैल करत फॅन वेगळे करायचे. कुदळीने मधोमध कापलं तर मुकुट चिरतात आणि पावसाळी हवेत कुजतात. पानं सहा इंचांवर छाटून एक दिवस सावलीत जखमा वाळू द्या. लावताना मुकुट मातीखाली इंचभरच, जास्त खोल गेला तर फुलायचं नाव घेत नाही.

अबोली_पान
पाच आठवड्यांनी परत आलेय. रोज सकाळी मी आणि माझी मोजपट्टी. भाऊ शनिवार-रविवार येतो आणि लिहून घेतो.

फोटोंवरून नऊ होते, फुलांवरून आणखी १७ जुळले. 'स्टेला' आणि 'हॅपी रिटर्न्स' पांढऱ्या कागदावर ठेवल्या तेव्हा क्षणात उलगडलं. 'हायपेरियन' तर आधी वासावरून कळली, ४० इंचांची उंची नंतर मोजली. १९२४ ची ती, सगळ्यांत म्हातारी माझ्याकडची. 'पार्डन मी' छोटी लाल, तीही नक्की.

उरलेत आठ. दोन गड्ड्यांना यंदा दांडेच नाहीत. दोन गुलाबी इतक्या सारख्या आहेत की मी रोज मत बदलते. आणि तीन जवळपास पांढऱ्या: 'जेंटल शेफर्ड', 'जोन सीनियर' आणि 'आइस कार्निव्हल'. उंचीत दोन-तीन इंचांचा फरक, तो तर पाण्यानेही पडतो. आठव्याबद्दल खाली लिहिते.

वाफा
२६! फार सुंदर काम केलंत.

पांढऱ्या तिघींना फुलांवरून जुळवायच्या भानगडीत पडू नका, हिवाळ्यापर्यंत थांबा. 'जोन सीनियर'ची नोंद सदाहरित अशी आहे, 'जेंटल शेफर्ड'ची अर्धसदाहरित आणि 'आइस कार्निव्हल' सुप्त, म्हणजे तिची पानं थंडीत पूर्ण सुकून झाड जमिनीखाली जातं. तुमच्याकडे थंडी पुरेशी पडत असेल तर तिघी आपणहून वेगळ्या होतील. तोवर क्रमांकच राहू द्या.

गुलाबी दोघींच्या गळ्याचा रंग, कुक्षी, फुलाच्या मागची बाजू आणि दांड्यावर फांदी कुठून फुटते ते पाहा. तरीही नाही कळलं तर दोन्हींवर दोन्ही नावं लिहा, मध्ये 'किंवा'.

अबोली_पान
'किंवा' लिहिलं. हलकं वाटलं.

आता आठवा. क्रमांक २२. फोटो नाहीत, पण उरलेल्या नावांतलं 'स्ट्रॉबेरी कँडी' याचं असावं असं मला वाटतं. नोंद म्हणते फिक्या पोवळ्याचा गुलाबी, आत गडद गुलाबी-लाल डोळा, म्हणजे गळ्याभोवतीचा गडद पट्टा, कडही तशीच. २६ इंच. आणि २२ वर काल काय उघडलं? सरळ विटेच्या रंगाचं, डोळा नाही, कड नाही, पाकळ्या अरुंद, उंची ३३ इंच. तीन दिवस तेच. माझ्या ३४ पैकी कोणतंच असं नाही. आणलं होतं तेव्हा पहिल्या दोन वर्षांत मी त्यावर डोळ्याचं फूल पाहिलेलं आठवतंय. मग झाड बदललं का?

शेवंता
झाड रंग बदलत नाही गं. कुणीतरी मध्ये शिरलंय.

बी_आणि_बहर
शेवंताताई बरोबर. झाड बदलत नाही, त्याच्यात पाहुणा राहायला येतो. मधमाशीने धरलेलं बोंड तुम्ही न पाहता तडकलं, बी गड्ड्यातच पडलं आणि तिथेच उगवलं. रोपट्याची पानं आईच्या पानांत दिसत नाहीत. रोप जोमदार निघालं तर तीन-चार वर्षांत ते मूळ झाडाला दाबून टाकतं. वाण बदलला म्हणून तक्रारी येतात त्यातल्या पुष्कळ अशाच. म्हणून संग्रहात बोंडं पिकू द्यायची नाहीत, हवं तेवढंच ठेवून बाकीची काढायची.

पण म्हणजेच मूळ झाड तिथे अजून असू शकतं. २२ ची पानं दोन हातांनी बाजूला करून तळाशी पाहा. हिरव्याची छटा वेगळी, पान जाड किंवा रुंद, असे फॅन दिसतात का? 'स्ट्रॉबेरी कँडी' टेट्राप्लॉइड आहे, तिचं पान सहसा भरदार असतं. घाईने उपटू नका.

वाफा
आणि विटेच्या रंगाच्या त्या रोपाला 'स्ट्रॉबेरी कँडी' नाव लावून कुणाला देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

शेवंता
ते मला द्या. चिठ्ठी मी लिहीन: 'अबोलीच्या २२ मधली, नाव नाही'. विटेचा रंग माझ्या टरबुजीशेजारी शोभेल.

वाफा
ही चिठ्ठी मला पूर्ण मान्य आहे, ताई.

अबोली_पान
शेवंता, तुझ्यासाठीच ठेवते, बहर संपला की.

आत्ता संध्याकाळी भावाने विजेरी धरली आणि मी पानं बाजूला केली. भिंतीच्या बाजूला, अगदी कडेला, तीन फॅन आहेत. पान रुंद, हिरवं जरा निळसर. त्यातल्या एकातून बारीकसा दांडा आलाय, बाकीच्या पानांखाली वाकलेला, म्हणून इतके दिवस दिसला नाही. चार कळ्या. एक फुगलीय, टोकाशी रंग दिसतोय, पण विजेरीच्या उजेडात गुलाबी की केशरी ते सांगता येत नाही.

भावाने त्या फॅनच्या पानावर मार्करने '२२ अ' लिहिलंय, न सांगता. आज तो इथेच राहतोय.

पेन्सिल
सकाळी नऊला फोटो हवा.

अबोली_पान
सहालाच उठतोय आम्ही.